मेंदूचा उतारा मोबाइलवर मोजता येतो काय?



आता आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात मोबाइल आला आहे. ऊसबिल बँकेत जमा झाल्याचा मेसेज त्यावरच येतो, आणि त्याच मोबाइलवर "तुमच्या मेंदूचे वय किती? पाच मिनिटांत तपासा", "रोज पंधरा मिनिटे हा खेळ खेळा व स्मरणशक्ती वाढवा" अशा जाहिरातींचाही मारा होत असतो. सुरुवात फुकट असते. पुढे वर्षाची वर्गणी मागतात. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेला मुलगा सुट्टीला येतो, हौसेने आईच्या हातात मोबाइल देऊन तिची परीक्षा घेतो, आईला निम्मेसुद्धा गुण पडत नाहीत, आणि सगळे घर काळजीत पडते. आई बिचारी दोन दिवस गप्प गप्प असते.

अशा वेळी खरे काय समजायचे? धडधाकट माणसाच्या मेंदूची ताकद मोबाइलवर मोजता येते काय? मोजली तर ती वाढवता येते काय? आणि आपला पैसा व वेळ नेमका कशावर घालावा? या तीन प्रश्नांची उत्तरे सभासदांना समजतील अशा भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे. ऊस पिकवणाऱ्याला ही गोष्ट समजायला जड नाही. माप, नमुना, उतारा आणि वजनकाटा या चार गोष्टी आपल्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

मेंदूचे आरोग्य म्हणजे काय?

मेंदूची कामे अनेक आहेत. लक्षात ठेवणे, लक्ष एका जागी धरणे, पटकन ओळखणे, बोलणे-समजणे, हिशेब करणे आणि पुढचे ठरवणे ही त्यांतली मुख्य. आडसाली लागणीची तारीख ध्यानात ठेवणे ही स्मरणशक्ती. वळणावर ट्रॉली दिसताच ब्रेक मारणे हा वेग. खोडवा ठेवायचा की मोडायचा हे पाणी, मजूर व खताचा खर्च बघून ठरवणे, ही नियोजनाची ताकद. ही सगळी कामे ज्याची त्याला रोजच्या व्यवहारात नीट जमतात, त्याचा मेंदू ठीक आहे असे म्हणायला हरकत नाही.

वय वाढले की यातला वेग थोडा कमी होतो. एखाद्या पाहुण्याचे नाव जिभेवर येते पण सुचत नाही आणि तासाभराने आपोआप आठवते. हा आजार नव्हे. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण ऐकून ऐकून आपण तिला शास्त्र समजून बसलो आहोत, पण आकडे तसे सांगत नाहीत. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. त्यांपैकी साठीच्या पुढील ४,०९६ जणांची मेंदूविषयक सविस्तर तपासणी निराळी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढे स्मृतिभ्रंशाचा आजार शंभरात सुमारे सात जणांना (७.४ टक्के) आहे. देशभराचा हिशेब ८८ लाख माणसांचा होतो, म्हणून प्रश्न लहान नाही. पण शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी नाठी झालेली नाही, हेही त्याच पाहणीने दाखवले.

स्मृतिभ्रंश निराळा ओळखू येतो. रोजच्या रस्त्याने घरी येताना वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, आयुष्यभर केलेला व्यवहार अचानक न उमगणे, स्वभाव पार बदलणे, आणि हे सगळे महिन्यामहिन्याला वाढत जाणे, ही त्याची खूण.

मोजणी कशी होते?

डॉक्टर लोक कागदावर मोजणी फार वर्षांपासून करतात. १९७५ साली अमेरिकेत ३० गुणांची एक छोटी परीक्षा तयार झाली. आजचा वार कोणता, हे गाव कोणते, तीन शब्द ऐका व थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात वजा करत चला, एक वाक्य लिहा, असे तिचे स्वरूप होते. २००५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथून तशीच, पण थोडी अवघड परीक्षा आली. तिच्यात घड्याळाचे चित्र काढावे लागते. तिचेही गुण ३०, आणि २६ किंवा अधिक पडले तर सर्वसाधारण ठीक असे धरण्याचा प्रघात पडला.

मोबाइलवर किंवा संगणकावर येणारे बहुतेक खेळ म्हणजे याच प्रकारच्या प्रश्नांचे नवे रूप. त्यात यंत्राचे काही फायदे खरोखरच आहेत. पडद्यावर लाल ठिपका आल्यापासून तुमचे बोट टेकेपर्यंत किती वेळ गेला, हे यंत्र सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत सांगते. डॉक्टरच्या हातातल्या घड्याळाला ते जमत नाही. यंत्र दमत नाही, सगळ्यांना एकाच पद्धतीने प्रश्न घालते, मागची नोंद विसरत नाही. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते व झोपेचा अंदाज देते. तेव्हा यंत्र मोजते हे खरे. प्रश्न असा की त्या मापाचा अर्थ कसा लावायचा. इथेच गडबड होते.

रिकाम्या गाडीचे वजन वजा केले काय?

काट्यावर भरलेली गाडी उभी राहिली म्हणजे दिसणारा आकडा उसाचा नसतो. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर निव्वळ ऊस कळतो. मेंदूच्या परीक्षेतही असेच एक वजन गुणांत मिसळलेले असते, ते शाळेचे. ज्याने पंधरा वर्षे पेन हातात धरला, त्याला वाक्य लिहिणे, आकृती काढणे, वजाबाकी करणे सवयीचे असते. ज्या माउलीने पेन धरलाच नाही, तिचे गुण कमी येणारच. तिची बुद्धी कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मॉन्ट्रियलच्या परीक्षेतसुद्धा १२ वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण जादा देण्याची तरतूद आहे. पण जो शाळेतच गेला नाही त्याचे एका गुणाने काय भागणार?

आपल्या देशात यावर चांगले काम झाले आहे. हरियाणातील बल्लभगढ भागात खेड्यांतील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी अमेरिकन परीक्षेचा हिंदी अवतार तयार केला व तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन वजा करायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी "तुमच्या घराविषयी काही सांगा" असे विचारले. कागदावरचे "डोळे मिटा" हे वाचण्याऐवजी "मी करतो तसे करा" असे सांगून डोळे मिटून दाखवले. देवनारच्या संस्थेच्या पाहणीतही अशीच परीक्षा वापरली गेली, घरच्या माणसालाही निराळे प्रश्न विचारले गेले, आणि मग सगळी माहिती संगणकाच्या जाळ्यावर ठेवून एकापेक्षा जास्त तज्ज्ञांनी आपापले मत नोंदवले. मतभेद झाला तर चर्चा करून निर्णय झाला. म्हणजे यंत्र होते, पण त्याच्या मागे-पुढे माणसे होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे आपल्या देशी भाषांत अशा परीक्षांचा संच बनवला. २०२० साली तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत पुढे आला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. हे सांगण्याचे कारण असे, की इंग्रजी खेळाचे शब्द नुसते मराठीत छापले म्हणून तो आपल्या माणसांसाठी तयार झाला असे होत नाही. आपल्या वयाच्या, आपल्यासारख्या शिक्षणाच्या मराठी माणसांवर तो आधी अजमावला आहे काय, हा पहिला प्रश्न. जाहिरातीत याचे उत्तर नसेल, तर तो आकडा भरलेल्या गाडीचा आकडा समजावा.

एका उसावरून फड ठरत नाही

तोडणीपूर्वी शेतकी खात्याचा माणूस येतो व ब्रिक्स बघतो. तो बांधाकडचा एकच ऊस तोडत नाही. निरनिराळ्या जागचे ऊस घेतो, शेंड्याकडचा, मधला व बुडख्याकडचा रस तपासतो. कालच पाणी दिलेल्या रानात रस पातळ लागतो हेही त्याला ठाऊक असते. मेंदूच्या मोजणीला हेच नियम लागू आहेत.

रात्रीच्या लाइटीला दारं धरून पहाटे घरी आलेला माणूस सकाळी मोबाइलवरची परीक्षा द्यायला बसला, तर त्याचे गुण पडणारच. ताप, मनाची काळजी, आदल्या रात्रीची दारू, झोपेची किंवा सर्दीची गोळी यांनीही गुण पडतात. मोतीबिंदू असेल तर ठिपका दिसत नाही. कान कमी असेल तर शब्दच ऐकू येत नाही, मग आठवणार काय? कष्टाने बोटे फुटलेली असतात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठत नाही, तसाच पडद्यावरही तो नीट टेकत नाही, आणि यंत्राला वाटते माणूस मंद आहे.

उलट बाजूही आहे. तीच परीक्षा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दिली की गुण आपोआप वाढतात, कारण प्रश्न ओळखीचे होतात. जाहिरातवाले हीच वाढ "सुधारणा" म्हणून दाखवतात.

आता चांगल्यातली चांगली परीक्षा घेतली तरी काय होते, ते एका हिशेबाने पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. साठीच्या पुढचे १,००० सभासद आहेत व त्यांत ७० जणांना खरा आजार आहे असे धरू. परीक्षा शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते असे समजू. मग ७० पैकी ६३ आजारी सापडतील. पण निरोगी ९३० जणांपैकी दहा टक्के, म्हणजे ९३ जणांनाही ती चुकून "दोष आहे" असे सांगेल. एकंदर १५६ जणांच्या नावापुढे लाल खूण पडेल आणि त्यांतले ९३ ठणठणीत असतील. चाळिशीतल्या माणसांत तर हा आजार फारच क्वचित, तेव्हा तिथे लाल खुणांपैकी बहुतेक चुकीच्याच निघतील. म्हणून मोबाइलचा गुण हा निदान नव्हे. फार तर "एकदा डॉक्टरला दाखवा" एवढी चिठ्ठी.

यातून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मोबाइलवरच्या गुणांवरून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला "आता तुला कळत नाही" म्हणून बाजूला सारू नये. सातबारा, बँकेचे खाते, कारखान्याचे भाग यांवरचा त्यांचा सहीचा किंवा अंगठ्याचा हक्क असल्या गुणांनी कमी होत नाही. तो गुण डॉक्टरचा दाखला नाही.

खेळ खेळून बुद्धी वाढते काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी मोठे प्रयोग झाले आहेत. विलायतेत बी.बी.सी.च्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळायला लावले. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, परंतु ज्या गोष्टींचा सराव केला नव्हता त्यांत काही विशेष फरक पडला नाही. विटी-दांडू खेळणारा विटी-दांडूत पटाईत होतो, त्याने त्याचा हिशेब सुधारत नाही, तसेच हे झाले. २०१६ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ल्युमोसिटी या प्रसिद्ध खेळाच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली आणि कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. विसरभोळेपणा टळेल असे सांगण्याइतका पुरावा तिच्याकडे नव्हता, हा ठपका होता.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेतच ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांचे गट करून एकाला स्मरणाचा, दुसऱ्याला तर्काचा व तिसऱ्याला संगणकावर नजर आणि लक्ष यांच्या वेगाचा सराव दिला. चौथ्याला काहीच नाही. सरावाची सुरुवातीची सत्रे जेमतेम दहा. दहा वर्षांच्या पाहणीवरून २०१७ साली असे दिसले, की वेगाचा सराव केलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते. स्मरण व तर्काच्या सरावाने मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. तेव्हा सगळेच खेळ कुचकामी असे म्हणता येत नाही. पण एका विशिष्ट सरावाचा पुरावा दाखवून दुसराच खेळ विकणे हे बियाणे एक दाखवून दुसरे देण्यासारखे आहे.

उतारा वाढतो तो रानात

प्रयोगशाळेत रस तपासल्याने उतारा वाढत नाही. तो वाढतो जातिवंत बेण्याने, वेळेवरच्या खताने व योग्य वेळी पाणी तोडल्याने. मेंदूचेही तसेच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली १४ कारणे मांडली. ती सगळी टाळता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. ती कारणे अशी : लहानपणी शिक्षण कमी मिळणे, ऐकू कमी येणे, दिसणे कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, लठ्ठपणा, शरीराची हालचाल नसणे, विडी-सिगारेट, जादा दारू, उदासीनता, एकलकोंडेपणा, डोक्याला मार आणि हवेचे प्रदूषण. ही यादी वाचली म्हणजे ध्यानात येते, की यांतल्या बहुतेक गोष्टी आपल्या गावात, आपल्या घरात आहेत, आणि उपायही तिथेच आहेत.

*रक्तदाब.* मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षे दाब जादा राहिला की त्या आतून खराब होतात. जादा दाबाने ठिबकच्या लॅटरल फुटतात, त्यातलाच प्रकार. चीनमध्ये ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांवर चार वर्षे प्रयोग झाला. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी, वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या पायऱ्यांनी औषध दिले, दाब मोजायला शिकवले व पाठपुरावा केला. २०२५ साली निकाल आला. त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी. शहरातले मोठे दवाखाने नाहीत, महागडे खेळ नाहीत. साधी गोळी, दाब मोजायचे यंत्र आणि विचारपूस.

आपल्या महाराष्ट्रातही याचा पाया घातला गेला आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपले पहिले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा. या उपक्रमात 'सिंपल' नावाचे मोबाइल ॲप वापरात आले. त्यात रुग्णाचा दाब व औषध यांची नोंद काही सेकंदांत होते, आणि ठरल्या तारखेला गोळ्या न्यायला कोण आला नाही याची यादी नर्सबाईंना मिळते. मग त्या फोन करतात. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मेंदू सांभाळणारे डिजिटल साधन शोधायचे तर हे घ्या. त्यात खेळ नाही, रंगीत चित्रे नाहीत. पण गोळी चुकत नाही.

*आशाताईंचा फॉर्म.* तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म आशाताई भरतात, त्यात साठीच्या पुढच्या माणसांना एक प्रश्न असतो : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता काय? रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते काय, हेही विचारतात. ही माहिती पुढे संगणकावर जाते. आपण मात्र "आमच्या घरी सगळे ठीक" म्हणून त्यांना दारातूनच वाटेला लावतो. तसे करू नये. प्रश्न आपल्या भाषेतला आहे, विचारणारी आपल्या गावची आहे, आणि त्याला पैसा पडत नाही.

*कान.* मिल हाउस, बॉयलर व टर्बाइनच्या आवाजात वर्षे काढलेले कामगार आणि ट्रॅक्टरवर हयात गेलेले सभासद यांनी हा भाग नीट वाचावा. ऐकू कमी आले की माणूस बोलणे टाळतो, पारावर जाणे सोडतो व हळूहळू एकटा पडतो. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्राचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२३ साली आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. परंतु ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाइलवर कान तपासण्याचे ॲप काढले. गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. असे ॲप संशय दाखवते, खात्री कानाच्या डॉक्टरकडेच होते.

*रक्त.* पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी पुणे परिसरातील शहरी व ग्रामीण ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ. मांस-मासे-अंडी नाहीत आणि दूध सगळे डेअरीला, अशा घरांत ही उणीव संभवते. ब-१२ ची उणीव, थायरॉइडचा दोष, मनाची उदासीनता यांनीही माणूस विसरू लागतो, आणि हे दोष उपचाराने सुधारतात. म्हणून विसरभोळेपणा वाढला तर "वय झालं" म्हणून सोडू नये. उणीव नसताना मात्र गोळ्या खाऊन काही फायदा नाही.

*डोक्याचा मार.* हंगामात रात्रीच्या वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. मागे रिफ्लेक्टर नसेल तर मोटारसायकलवाला थेट येऊन धडकतो. डोक्याला बसलेला मार पुढे वीस वर्षांनीसुद्धा त्रास देऊ शकतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर व डोक्यावर हेल्मेट, या दोन गोष्टींनी जीवही वाचतो आणि मेंदूही.

*चालणे व माणसांत असणे.* फिनलंड देशात ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग करून २०१५ साली निकाल जाहीर झाला. आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि दाब-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र केल्या, त्यांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. आपल्याकडे मुलाच्या हातात शेती दिली की म्हातारा माणूस ओसरीवर बसून राहतो आणि सहा महिन्यांत खचतो. त्याला बसवून ठेवू नका. रानात एक फेरी, भजनी मंडळ, सोसायटीच्या सभेला हजेरी, नातवाला पाढे शिकवणे, हे त्याच्याकडेच असू द्या.

सभासदांनी काय करावे?

१. मोबाइलवरची मेंदूची परीक्षा गंमत म्हणून द्यायला हरकत नाही. दिलीच तर झोप झालेली असताना, चष्मा लावून द्यावी. शेजाऱ्याशी तुलना करू नये. स्वतःच्याच मागच्या नोंदीशी, तीही काही महिन्यांच्या अंतराने करावी.

२. अशा ॲपला आधार क्रमांक, बँकेची माहिती वा ओ.टी.पी. कदापि देऊ नये. वर्गणी आपोआप कापून घेण्याची परवानगीही देऊ नये.

३. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी दाब व साखर तपासावी. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, दंडाला पट्टा बांधून दोनदा मोजावे व वहीत लिहावे. पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

४. कान, डोळे व मोतीबिंदू यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

५. वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, व्यवहारात घोटाळा होणे असे काही महिने दिसले तर डॉक्टरकडे जावे. घरच्या माणसाने सोबत जावे व काय काय घडले ते तारखेसह सांगावे. सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहेच.

६. मन उदास राहात असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा रात्रंदिवस व मोफत चालते.

७. मुलींचे शिक्षण अर्धवट तोडू नये. त्या आयोगाच्या १४ कारणांत लहानपणीचे शिक्षण आहे. आज शाळेत घालवलेले प्रत्येक वर्ष तिला सत्तरीत उपयोगी पडणार आहे.

सारांश, मोबाइल व मशीन यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दाबाची नोंद ठेवणारे, चुकलेल्या गोळीची आठवण देणारे, कानाचा दोष वेळेवर दाखवणारे यंत्र घरात जरूर असावे. मात्र "तुमचा मेंदू किती वर्षांचा" असे सांगणाऱ्या आकड्याला घाबरून किंवा भुलून ऊसबिलातले पैसे खर्च करण्यापूर्वी, काट्यावर विचारतो तोच प्रश्न विचारावा : रिकाम्या गाडीचे वजन वजा केले काय?

आणि ज्या घरात आईला निम्मे गुण पडले असतील, त्या घरातल्या मुलाने तिला मोबाइल न देता एवढेच विचारून पाहावे, की आपल्या रानात पहिला ऊस कोणत्या साली लागला, त्या वर्षी पाऊस कसा होता आणि टनाला भाव काय मिळाला. उत्तर ऐकून मग तिला दाब तपासायला घेऊन जावे.